जावयाचा कोंबडा

रुख्मिणीबाईंच्या मते लेकीचा संसार बॉयलरच्या कोंबडीनं बिघडवला.

झालं असं, की दुसऱ्या खेपेला जावई लेकीला न्यायला आला तेव्हा घरच्या कोंबड्यांना नेमकी मर लागलेली. एकेक कोंबडी मान टाकून पडत होती. ऐनवेळी काय करणार, बाईंचे मालक संतराम कुरुंद्याच्या बाजाराला गेले आणि बॉयलर घेऊन आले. जावयानं रस्सा चाखला आणि विचारलं, "बॉयलर हाय का?" बस, एवढंच. पुढं सोयाबीन काढायच्या दिवसांत लेक पुन्हा पिशवी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा माउलीनं सगळं जुळवून टाकलं. पाहुण्याचा मान राहिला नाही, पाहुणा मनातून उतरला, त्याचा राग लेकीवर निघाला. पहिल्या खेपेला घरचा चांगला गावरान कोंबडा कापला होता आणि तरीही लेक परत आलीच होती, ही गोष्ट या जुळणीत कुठं बसत नव्हती. म्हणून बाईंनी ती बाजूलाच ठेवली.

लेकीचं नाव प्रियदर्शनी. पण हे नाव शाळेच्या दाखल्यावर आणि लग्नपत्रिकेत तेवढं कामाला आलं. बाकी सगळ्यांची ती दर्शी. घर गावाच्या कडेला, परसात कडुनिंब, निंबापलीकडं हळदीचं रान. नवरा रामप्रसाद कळमनुरीकडचा. शेती बरी, बोलणं गोड, आणि हात चालायचा. शेवटच्या वेळी तो डाव्या कानशिलावर असा बसला की कानात आधी शिट्टी वाजली, मग काहीच वाजेना. माहेरी आल्यावर शेजारीपाजारी विचारणारच, म्हणून मायनं सांगून टाकलं, "कानाच्या इलाजाला आली." इलाज मात्र कुणी केला नाही. लोकांना सांगायला कारण मिळालं, तेवढ्यावर भागलं.

याचं दर्शीला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पहिल्या खेपेला ती आली तेव्हा रडून रडून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. दुसऱ्या खेपेला निदान भांडली होती. यंदा तिनं पिशवी खुंटीला लावली, पाय धुतले आणि भाकऱ्या थापायला बसली. आंघोळीचं पाणी कढत आहे की गार, हे तिला अंगावर घेतल्यावरही नीट कळत नसे. भाजीत मीठ विसरलं तरी ती तशीच जेवून उठे. शेजारच्या सखुबाईंनी हे सगळं कुंपणावरून पाहिलं आणि निकाल दिला, "पोरगी रडंना म्हंजी मार काई लई नसंल." लोकांना मार सुद्धा आवाजावरून मोजायची सवय असते, त्याला कोण काय करणार.

तेवढ्यात जावयाचे चुलते शेषराव यांचा निरोप आला. हळदीचं आटपू द्या, मग आमी न्यायला येतो. निरोप ऐकून माय हरखली आणि लगेच तिला घोर लागला. कोंबड्याचा. मर लागून गेल्यावर तिनं मोठ्या हौसेनं एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली होती. पिल्लं निघाली ती टोपलीभर. पण काही घारीनं भर अंगणातून उचलली, काही रानमांजरानं नेली, आणि उरल्या त्या तीन तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या, नि एक तांबडा कोंबडा. ऐन भरात आलेला, पायावर उंच, शेपटीत हिरवी झाक. मायनं त्याच दिवशी जाहीर केलं, "हा जावयाचा."

तेव्हापासून घरात त्याचं नावच ते पडलं. जावयाच्या कोंबड्याला दाणे टाकले का. जावयाचा कोंबडा कुठं हाय. आणि त्याला राखायचं काम कुणाकडं आलं, तर दर्शीकडं.

"तुला तरी दुसरं काय काम हाय," माय म्हणाली. "डोळ्यात तेल घालून राख. ह्या खेपेला मानात कमी पडायला नको."

म्हणजे व्यवस्था अशी झाली, की ज्या कोंबड्याचा रस्सा जेवून नवरा तिला घेऊन जाणार, तो कोंबडा जिवंत ठेवायचा तिनंच. दर्शीला हे कळत नव्हतं असं नाही. तिला परत जायचं नव्हतं, हेही तिला पक्कं माहीत होतं. पण कपाटात ठेवलेली वस्तू जशी माहीत असते, तसं. काढून हातात घ्यावं, कुणाला दाखवावं, एवढा जोरच तिच्यात उरला नव्हता. काम सांगितलं होतं, ती करू लागली.

काम सोपं नव्हतं. सकाळी खुराडं उघडायचं, आधी भोवती पाऊलखुणा बघायच्या. दिवसभर एक डोळा आभाळाकडं ठेवायचा, कारण घार कधी खाली येते ते सावली अंगणात पडल्याशिवाय कळत नाही. हळद शिजवून अंगणभर वाळत घातलेली, तिच्यावरून कोंबड्या हाकलायच्या. दिवस मावळायच्या आत सगळ्या आत घालून दाराला दगड लावायचा. दर्शी हे सगळं न चुकता करी. बाई कामाला चोख, हे सासरची माणसं सुद्धा कबूल करत.

फाल्गुनात कोंबड्यांना पिसवा झाल्या. तलंगा अंडी सोडून बाहेर बसू लागल्या. जावयाच्या कोंबड्याचा तुरा फिका पडला आणि तो निंबाखाली पिसं फुगवून गप्प उभा राहू लागला. संतराम हळदीवर मारायच्या औषधाची बाटली घेऊन आले.

"मारून टाकू का थोडं खुराड्यात?" त्यांनी विचारलं.

"त्यानं कोंबड्याच मरतील आबा," दर्शी म्हणाली. कित्येक दिवसांत तिनं आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य असावं.

संतराम बाटली घेऊन परत गेले. सखुबाईंनी कुंपणावरून सांगितलं की कडुनिंबाच्या पाल्याचा धूर कर, राख टाक, करंजीचं तेल लाव. सखुबाईंची जीभ कशीही असो, एवढं मात्र त्यांनी बराबर सांगितलं. दर्शीनं खुराडं रिकामं करून आत पाल्याचा धूर कोंडला. भेगा शेणामातीनं लिंपल्या. निंबाखाली खड्डा करून त्यात चुलीतली राख भरली, कोंबड्या तिच्यात लोळू लागल्या. कोंबड्याला मात्र ती रोज दुपारी मांडीवर घेई. पंखाखालची पिसं उलटी करून बोटानं पिसवा वेचायची, मग तेलाचं बोट फिरवायचं. पहिले काही दिवस त्यानं नखांनी तिचं लुगडं फाडलं. नंतर तो सरळ मांडीवर येऊन बसू लागला आणि डोळे अर्धे मिटून घेऊ लागला.

तिनं "तीऽ ती ती" केलं की तो परसाच्या कुठल्याही कोपऱ्यातून धावत येई. इतर कुणाच्या हाताला तो लागत नसे. माय दाणे घेऊन बोलवायची तर लांबून मान वाकडी करून बघे आणि चालता होई. त्याची छाती दर्शीच्या तळहाताखाली धडधडत असायची, ऊब लागत असायची. एवढं तिला कळायचं. त्याबद्दल काही वाटायचं का, तर तेही सांगता यायचं नाही.

मग मुंगूस आलं.

आता मुंगसाची गोष्ट अशी, की या प्राण्याला आपल्याकडं भलताच मान. सकाळी दिसलं की दिवस चांगला जातो म्हणतात, मग लोक हातातलं काम सोडून बघायला उभे राहतात. मायनं त्याला पहिल्यांदा हळदीच्या वाळवणाच्या कडेनं जाताना पाहिलं आणि हातच जोडले.

"दर्शे, बघ. शकुन झाला. येऊन राहिले पाव्हणे."

"माय, ते कोंबड्यांवर टपलंय."

"गप. मुंगसाला असं बोलू न्हाई."

शकुन दुसऱ्या दिवशी पुन्हा झाला आणि जाताना एक तलंग घेऊन गेला. तिसऱ्या वेळी शकुनानं अंडी फोडली. मायचा जीव दोन्हीकडं ओढला जाऊ लागला. मुंगूस दिसलं की जावई येणार म्हणून आनंद, आणि जावयाच्या कोंबड्याचं काय होणार म्हणून धसका. दगड मारू देईना, काठी उगारू देईना. "नुसतं हाकल," म्हणायची. दर्शी नुसतं हाकलत राहिली.

एका दुपारी ती निंबाखाली तांदूळ निवडत बसली होती. मुंगूस डाव्या बाजूनं आलं. त्या कानानं तिला काही ऐकू आलं नाही. कळलं तेव्हा कोंबडा खाली पडलेला आणि मुंगूस त्याच्या मानेला भिडलेलं. दर्शीनं सूप फेकलं नाही, आरडाओरडा केला नाही. ती सरळ अंगावर जाऊन पडली आणि मुंगसाचं तोंड हातानं सोडवू लागली. ते तिच्या हाताला डसलं, मग सुटलं आणि हळदीच्या सऱ्यांत दिसेनासं झालं. माय कोंबड्याचा कलकलाट ऐकून घरातून धावत आली. तिनं कोंबडा उचलला, उलटासुलटा करून मान बघितली, पाय बघितले.

"वाचला गं बाई," ती म्हणाली. "लई खोल न्हाई. हळद आण, हळद."

हळदीला काय तोटा. कोंबड्याच्या मानेवर हळद थापली, पंखावर थापली. बिचारा नवरदेवासारखा पिवळाधमक होऊन टोपलीखाली बसला. मायचा जीव भांड्यात पडला. मग कुठं रानातून आलेल्या संतरामांचं लक्ष लेकीकडं गेलं. ती सांडलेले तांदूळ भरत होती आणि तांदूळ लाल होत होते.

"अगं, तुझा हात," ते म्हणाले.

दर्शीनं हात बघितला. अंगठ्याच्या बुडाशी दात लागले होते आणि रक्त मनगटावरून खाली उतरत होतं. हा हात आपलाच आहे का, असं तिनं एकदा उलटसुलट करून पाहिलं. दुखत नव्हता.

संतराम तिला गाडीवर घालून कुरुंद्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. रांग होती. डॉक्टर पोरगी नवी होती, तिनं जखम धुता धुता डाव्या बाजूनं दोन-तीन प्रश्न विचारले. कधी चावलं, गुंगी वगैरे येते का. दर्शी समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. डॉक्टरनं आवाज चढवला. दर्शी तशीच. शेवटी डॉक्टर फिरून दुसऱ्या बाजूला आली, तेव्हा दर्शी दचकली आणि म्हणाली, "काई म्हणल्या का?"

"या कानानं ऐकू येत नाही का तुम्हाला? कधीपासून?"

दर्शीनं पदर त्या कानावर ओढला. संतराम दारातल्या बाकावर बसले होते. हे ऐकताना त्यांचं तोंड असं झालं, जणू कुणीतरी त्यांना भर बाजारात चोर म्हणून हाक मारली असावी. इतके दिवस त्यांची समजूत होती, की कानाची भानगड ही रुख्मिणीनं लोकांना सांगायला काढलेली सबब आहे. सबब म्हणून त्यांनी ती चार जणांना स्वतःच सांगितली होती, आणि ती खरी असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या," डॉक्टर म्हणाली. त्यांनी मान हलवली. सुई झाली, पुढच्या सुया कधी ते समजावून झालं. घरी येईपर्यंत बापलेकीत एक शब्द झाला नाही. दर्शीला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या घरात बाप लेकीशी बोलायचा तो कामापुरताच.

दुसऱ्या दिवशी संतराम रानात गेलेच नाहीत. त्यांनी खुराड्यासाठी पाया खणायला घेतला.

लोक घराचा पाया खणतात. संतरामांनी कोंबड्यांच्या खुराड्याचा खणला, तोही गुडघाभर, म्हणजे खालून उकरून कुणी आत शिरायला नको. त्यात दगड भरले, वरून सिमेंट ओतलं. उंदीर जाणार नाही अशी बारीक छिद्रांची जाळी आणली आणि ती चारी बाजूंनी दुहेरी ठोकली. वर पत्रा, पत्र्यावर धोंडे. दाराला दोन कड्या, एक वर, एक खाली, कारण मुंगूस काय नि मांजर काय, एका कडीशी खेळत बसतं. जेवायला हाक मारली तरी उठेनात. सखुबाई कुंपणावरून बघून गेल्या, मग गल्लीतले आणखी लोक बघायला आले. एवढं पक्कं खुराडं गावात कुणी बघितलं नव्हतं.

"जावयासाठी जीव पाखडून राहिले तुमचे मालक," सखुबाई म्हणाल्या.

माय अभिमानानं हसली. संतराम खिळे ठोकतच राहिले. त्यांच्या हाताला फोड आले, ते त्यांनी कुणाला दाखवले नाहीत. काम झाल्यावर त्यांनी दार उघडून-लावून पाहिलं, जाळी मुठीनं ओढून पाहिली आणि दर्शीला म्हणाले, "आता काई शिरत न्हाई ह्याच्यात."

"व्हय," दर्शी म्हणाली.

ते आणखी थोडा वेळ तिथं उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, एवढं तिला कळलं. ते बोलले असते तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. ते हात धुवायला निघून गेले. जाळीच्या आत कोंबडा कडेला उभा राहून पंख साफ करत होता. दर्शीच्या मनात आलं, याच्यासाठी आबांनी पाया खणला. हा विचार टोचायला हवा होता. पूर्वीच्या दर्शीला तो टोचला असता, चांगला खोलवर. पण तो आला आणि गेला, आणि तिनं खुराड्याला खालची कडी लावली.

हळद पॉलिश होऊन पोत्यांत भरली गेली. मुंगूस दोनदा येऊन नव्या खुराड्याभोवती फिरलं आणि हात हलवत परत गेलं. मायला दोन्ही वेळा शकुनच दिसला.

आणि मग एका सकाळी फोन न करताच पाहुणे आले. रामप्रसाद मोटारसायकल चालवत आणि मागं शेषराव, गळ्यात उपरणं. उन्हाच्या आत परत निघायचं होतं म्हणून लवकर निघाले होते. माय नुसती भांबावून गेली. सतरंजी टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. दर्शीनं डोक्यावर पदर घेतला आणि कप नेऊन ठेवले. रामप्रसादनं तिच्याकडं बघितलं आणि तो हसला. हसला की तो खरंच चांगला दिसायचा.

"कान कसा हाय?" त्यानं सगळ्यांदेखत विचारलं. "माझ्या मायनं सांगितलं, कानाच्या इलाजाला गेली म्हून."

संतराम खाली मान घालून बशीत चहा ओतत होते. ओतताना तो बशीबाहेर गेला.

शेषरावांनी घसा साफ करून बोलणं काढलं. झालं गेलं, दोन भांडी एकत्र आली की वाजायचीच, पोरगा आता समजूतदारपणानं वागणार, घरात एकट्या म्हातारीला झेपंना म्हणून तकलीफ होऊन राहिली. मागच्या दोन्ही खेपांना त्यांनी हेच बोलणं केलं होतं आणि त्यात अजून एका शब्दाचाही बदल झालेला नव्हता. माय प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, पण तिचं अर्धं ध्यान परसात होतं.

"पाव्हणे, जेवल्याबगैर जायचं न्हाई," ती म्हणाली. "घरचा कोंबडा हाय. गावरान. तुमच्यासाठीच राखला." आणि संतरामांना म्हणाली, "उठा की. किती येळ?"

संतराम उठले. सुरी घेतली आणि परसात आले. पण दर्शीनं सकाळी नेमानं खुराडं उघडलेलं, आणि कोंबडा मोकळा होता. संतरामांना बघून तो बाजूला झाला. त्यांनी वाकून हात टाकला, तो त्यांच्या पायांतून निसटला. मायनं टोपली आणली, तो पत्र्यावर चढला. सखुबाई कुंपण ओलांडून आल्या आणि पदर पसरून उभ्या राहिल्या, तो त्यांच्या डोक्यावरून उडून लाकडांच्या ढिगावर बसला. रामप्रसाद आणि शेषराव मागच्या दारात येऊन उभे राहिले. शेषरावांना हसू आवरेना. चुलीवर मसाला भाजायला ठेवलेला, त्याचा खकाणा उठला, सगळे खोकू लागले आणि कोंबडा ढिगावरून मान वाकडी करून हे सगळं बघत राहिला.

"अगं दर्शे," माय घाम पुसत म्हणाली, "उभी काय राहिलीस. तू बोलव त्याला. तुझ्याकडं येतो तो."

सगळे दर्शीकडं बघू लागले. ती दाराच्या बाजूला, हाताला पट्टी, डोक्यावर पदर, तशीच उभी होती. काम सांगितलं होतं. तिनं हात पुढं केला.

"तीऽ ती ती."

कोंबडा ढिगावरून उतरला. टोपली, सुरी, सखुबाईंचा पदर, कशाकडंच त्यानं बघितलं नाही. सगळं अंगण तुडवत, मान पुढं काढून, तो सरळ तिच्याकडं धावत आला आणि तिच्या पायाशी उभा राहिला. तिनं त्याला उचलून कडेवर घेतलं. तो धापा टाकत होता. त्यानं डोळे अर्धे मिटून घेतले.

"बघा काका," रामप्रसाद हसत म्हणाला. "एका हाकेत आलं. शिकवावं लागतं असं. चला, आटपा म्हणावं, उन्हाच्या आत निघू."

आणि दर्शीला भीती वाटली.

तिनं कोंबड्याला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. इतक्या महिन्यांत तिला काहीच वाटलं नव्हतं आणि आता एकदम सगळं वाटू लागलं. भीती त्या माणसाची होती, त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या सीटची होती, आज संध्याकाळी लागणाऱ्या दाराच्या कडीची होती. आणि भीतीच्या मागोमाग राग आला, कारण त्या माणसानं जेव्हा जेव्हा बोलावलं तेव्हा तीही अशीच गेली होती, कुणाकडं न बघता, सरळ. हाताची जखम ठणकू लागली. ती आत्ता झाल्यासारखी दुखत होती.

"दे इकडं," माय म्हणाली.

"न्हाई."

"दर्शे, पाव्हणे उभे हायेत."

"मी जाणार न्हाई, माय." तिचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. मग ती वळून नवऱ्याकडं बघत म्हणाली, "मी तुमच्यासंगं येणार न्हाई. आज न्हाई अन् पुन्हा कवाच न्हाई. तुमी मला जिवं माराल."

सखुबाईंच्या हातातला पदर तसाच पसरलेला राहिला. रामप्रसादचं हसू जागच्या जागी थांबलं. शेषराव पुढं झाले आणि म्हणाले, "सूनबाई, चार माणसांत असं बोलायचं नसतंय. संतरामराव, तुमी समजावा."

सगळ्यांनी संतरामांकडं बघितलं. ते सुरी घेऊन उभे होते. त्यांनी सुरी लाकडांच्या ढिगावर ठेवली, हात धोतराला पुसले आणि बायकोला म्हणाले, "रुख्मिणी, चुलीवरचा मसाला उतरव."

"अवं, पण—"

"उतरव म्हणलं ना. अन् पाव्हण्यायला वरण-भात टाक."

आमच्याकडं जावयाच्या पुढ्यात वरण-भात म्हणजे काय, ते सांगायची गरज नसते. मान संपला, हे शेषरावांना ताबडतोब समजलं. त्यांनी गळ्यातलं उपरणं झटकलं आणि पुतण्याचा दंड धरला. रामप्रसाद मात्र जागचा हलेना. तो दर्शीकडं एक पाऊल आला. संतराम मध्ये येऊन उभे राहिले. म्हातारा माणूस, हात रिकामे, पण रामप्रसाद थांबला.

"बघून घेतो," तो म्हणाला.

"बघ," संतराम म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जावयाला एकेरी उत्तर दिलं होतं.

मोटारसायकल सुरू झाली आणि गावाच्या रस्त्याला लागली. सखुबाई कुंपणापलीकडं गेल्या, कारण आता त्यांना बरंच काही सांगायचं होतं आणि ते सांगायला इथं कुणी नव्हतं. माय मागच्या दाराच्या पायरीवर बसली. तिला रडावं की ओरडावं ते कळेना, म्हणून ती आधी रडली आणि मग ओरडली.

"काहून? इतके दिवस काहून बोलली न्हाईस? तळहाताच्या फोडावानी कोंबडं राखलंस. मुंगसाच्या तोंडातून काढलंस. तवा काहून न्हाई म्हणालीस, का मला जायचं न्हाई म्हून?"

दर्शीनं कोंबड्याला खाली सोडलं आणि ती पायरीवर मायच्या शेजारी बसली.

"तू कोंबडं राखायला सांगितलं व्हतं, माय," ती म्हणाली. "मी राखलं. मला राखा, हे मी कुणाला सांगायचं व्हतं?"

अंगणात संतराम पाठमोरे उभे होते, ते वळले नाहीत. मायनं हात पुढं केला आणि लेकीचा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला.

"दुखून राहिलं का?" तिनं विचारलं.

"लई दुखतंय," दर्शी म्हणाली, आणि मग ती रडू लागली.